बागेतल्या रुळांवर बार्शी लाइट

११ एप्रिल २०१६ रोजी मिरज स्थानकातून पाण्याची एक गाडी लातूरकडे निघाली. वाघिणी दहा आणि पाणी सुमारे पाच लाख लिटर. टाक्या एरवी इंधन वाहणाऱ्या, म्हणून त्या आधी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. कृष्णेचं पाणी मिरजेत भरून ही ‘जलदूत’ पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरात पोचली. पुढे ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक खेपा झाल्या. पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका वेळी पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागलं.

ती गाडी ज्या मार्गाने गेली, तो मुळात बार्शी लाइट रेल्वेचा. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भरलेल्या टाकी-वाघिणीच्या एका आसावर आज वीस टनांचा भार येतो. बार्शी लाइटवर ही मर्यादा पाच टन होती. त्या पाच टनांच्या हिशेबातून एक आखूड, सुटसुटीत, सगळीकडे एकसारखी वाघीण तयार झाली. ज्यांना आपल्या परसात किंवा बागेत छोटी रेल्वे उभारायची आहे, त्यांच्यासाठी ती आजही उत्तम नमुना आहे.

बागेतली रेल्वे म्हणजे पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली सुरू झालेल्या ‘फुलराणी’सारखी बसायची गाडी नव्हे. फुलझाडांच्या वाफ्यांमधून, कुंड्यांच्या कडेने, छोट्या पुलांवरून धावणारं हे प्रमाणबद्ध मॉडेल असतं. घरात, टेबलावर मांडलेली अशी दुनिया पाहायची तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. बागेत मात्र ऊन, पाऊस, मुंग्या, पाचोळा आणि हलणारी जमीन यांच्याशी गाठ असते. म्हणून तिथली मॉडेलं मोठी असतात आणि त्यांचे रूळ साधारण ३२ किंवा ४५ मिलिमीटर अंतराचे असतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ नावाने ४५ मिलिमीटरची गाडी बाजारात आणली आणि हा छंद जगभर पसरला.

इंजिन निवडताना माणूस महिनोन्‌महिने विचार करतो आणि वाघिणी मात्र मिळतील त्या घेतो. खरं तर बागेतल्या रेल्वेचं सगळं गणित वाघिणीच्या लांबीवर बसतं.

कॅलथ्रॉपचा हिशेब

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. बार्शी ही तेव्हाही मोठी बाजारपेठ होती. धान्य आणि कापूस बैलगाड्यांनी मुख्य लोहमार्गापर्यंत येई. या बाजारपेठेला स्वस्त रेल्वेने जोडायचं, हा कॅलथ्रॉपचा ध्यास. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी धावू लागली.

स्वस्त रेल्वे म्हणजे हलके रूळ. कॅलथ्रॉपने यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलोचे रूळ निवडले. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात. इतक्या हलक्या रुळावर जड माल न्यायचा तर वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं गेलं पाहिजे. त्याने इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसाला पाच टनांची सीमा घातली. मालाच्या वाघिणी सरसकट पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद ठेवल्या, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटीवर बसवल्या आणि प्रत्येकीखाली चार-चार चाकांचे दोन फिरते गाडे, म्हणजे बोग्या दिल्या. चार आस आणि प्रत्येकी पाच टन, म्हणजे भरलेली वाघीण वीस टनांची. चौकट सगळ्यांची एक. तिच्यावर उघडं शरीर चढवा, बंद चढवा नाहीतर सपाट फळी ठेवा.

भारतात पाठवण्यापूर्वी १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून या गाड्या चालवून दाखवल्या गेल्या. नॅरोगेजवर इतका माल वाहता येतो, हे रेल्वेवाल्यांना तिथे डोळ्यांनी पाहता आलं. याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी रेल्वेचं काम केलं. ती १९०४ मध्ये सुरू झाली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूटही तयार केलं.

बार्शी लाइट वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. एकूण मार्ग सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा झाला. सांगली जिल्ह्यात आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जतरोड ही गावं तिच्यामुळे रेल्वेच्या नकाशावर आली. आषाढी-कार्तिकीला गर्दी इतकी होई, की मालाच्या वाघिणींतूनही वारकऱ्यांची ने-आण करावी लागे. १९५४ च्या सुरुवातीला सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली आणि २०११ पर्यंत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला.

अर्धा इंच म्हणजे एक फूट

बार्शीच्या वाघिणीचं मॉडेल करायला घेतलं, की आकडे आपणहून जुळत जातात. एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे १:२४ हे प्रमाण घ्यायचं. अडीच फुटांच्या रुळांचं अंतर सव्वा इंच होतं, मिलिमीटरमध्ये ३१.७५. बाजारात मिळणारा ३२ मिलिमीटरचा रूळ त्याला चपखल बसतो. पंचवीस फुटांची वाघीण साडेबारा इंचांची होते आणि सात फुटांची रुंदी साडेतीन इंचांची. साडेपाच फुटांचा हमाल पावणेतीन इंचांचा. सुताराच्या फूटपट्टीवर सगळं सरळ मोजता येतं, कॅल्क्युलेटरची गरज पडत नाही.

ब्रॉडगेजचं तसं नाही. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. ते ४५ मिलिमीटरच्या रुळावर बरोबर बसवायचं तर प्रमाण जवळपास १:३७ येतं. या प्रमाणात तयार सामान मिळत नाही, चाकांपासून सगळं स्वतः करावं लागतं. बाहेरून आलेली गाडी १:३२ ची असेल तर ती भारतीय रुळांच्या मानाने अरुंद दिसते. मीटरगेजवाल्यांची सोय मात्र चांगली आहे. ४५ मिलिमीटरच्या रुळावर १:२२.५ हे एलजीबीचं प्रमाण मुळात मीटरगेजसाठीच ठरलेलं, त्यामुळे चाकं, आस, कपलिंग तयार मिळतात.

आता वळण. एलजीबीचं सर्वांत अरुंद वळण ६०० मिलिमीटर त्रिज्येचं असतं आणि बारा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होतं. बागेत जागा थोडी म्हणून बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. लांब वाघीण या वळणावर आली, की तिच्या दोन बोग्या रुळावर राहतात, पण मधलं पोट वळणाच्या आत सरकतं आणि दोन्ही टोकं बाहेर जातात. पोट किती सरकतं हे काढायला सोपा नियम आहे. दोन बोग्यांच्या मध्यांतलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागा.

उदाहरण घेऊ. ब्रॉडगेजच्या बॉक्सएन या कोळशाच्या उघड्या वाघिणीत बोग्यांच्या मध्यांतलं अंतर साडेसहा मीटर असतं. १:३७ मध्ये ते सुमारे १७६ मिलिमीटर. ६०० मिलिमीटरच्या वळणावर तिचं पोट साडेसहा मिलिमीटर आत येतं. तेच अंतर दीडपट, म्हणजे साधारण २७० मिलिमीटर धरलं तर पोट पंधरा मिलिमीटरने सरकतं. लांबी दीडपट, सरकणं सव्वादोनपट. पंधरा मिलिमीटर म्हणजे फलाटाची कड घासली जाणार, बोगद्याच्या तोंडाला वाघीण लागणार, आतल्या बाजूची कुंडी हलवावी लागणार. त्यात शेजारच्या वाघिणींची टोकं एकमेकींपासून इतकी फाकतात, की कपलिंग ओढली जाऊन हलकी वाघीण रुळावरून उतरते.

म्हणून खरेदीआधी दोन आकडे मोजावेत, आपलं सर्वांत अरुंद वळण आणि वाघिणीच्या बोग्यांमधलं अंतर. ज्यांच्याकडे १.२ मीटर त्रिज्येची जागा आहे त्यांचं सरकणं निम्म्यावर येतं, त्यांना थोडी मोकळीक आहे. सहाशेच्या वळणावर मात्र आखूड वाघीणच घ्यावी.

मोठ्या रेल्वेनेही तेच केलं

मोठी वाघीण म्हणजे जास्त माल, असं सहज वाटतं. भारतीय रेल्वेचा अनुभव याच्या उलट आहे. जुनी ‘बॉक्स’ वाघीण साडेतेरा मीटरहून लांब होती. तिच्या जागी आलेली बॉक्सएन १०.७१ मीटरची. शरीर आखूड झालं, भिंती उंच झाल्या आणि तेवढ्याच यार्डात जास्त वाघिणी बसू लागल्या.

बंद वाघिणींचं उदाहरण तर सांगली-मिरजेच्या मालधक्क्यावर रोज दिसण्यासारखं आहे. साखर, खत, सिमेंट, धान्य यांसाठी वर्षानुवर्षं वापरलेली बीसीएन वाघीण १५.४३ मीटरची. तिच्या ४२ वाघिणींची गाडी सुमारे ६४८ मीटर भरते. नंतर आलेली बीसीएनएचएल १०.९६ मीटरची आणि तिच्या ५८ वाघिणी ६३६ मीटरमध्ये मावतात. स्थानकावरची लूप लाइन वाढवावी लागली नाही, पण वाघिणी सोळाने वाढल्या. शिवाय नवी वाघीण स्टेनलेस पोलादाची आणि हलकी, तिचं भरलेलं वजन ८१ टनांवरून ९१.६ टनांवर गेलं. जास्तीचा माल आखूड शरीर, हलकं पोलाद आणि आसावरची वाढलेली मर्यादा या तिन्हींच्या जोडीतून आला.

बागेतली लूप लाइन बहुधा दीड-दोन मीटरची असते. तिथे १:३७ च्या बीसीएन जेमतेम चार उभ्या राहतील आणि बीसीएनएचएल सहा. गाडी सहा वाघिणींची झाली की मालगाडीसारखी दिसते, चारांची असली तर शंटिंगला निघाल्यासारखी वाटते. गाडीचं रूप वाघिणींच्या संख्येत असतं, लांबीत फारसं नसतं.

एक ढोबळ ताळा उपयोगी पडतो. एक मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि त्यांना जोडणारे चार-चार मीटरचे दोन सरळ रूळ, असा मार्ग सव्वाचौदा मीटरचा होतो. गाडी त्याच्या पाचव्या हिश्शात, म्हणजे तीन मीटरच्या आत ठेवली तर ती कुठून तरी आली आणि कुठे तरी चालली आहे असं वाटतं. बार्शीच्या साडेबारा इंची सात वाघिणी, एक इंजिन आणि मागे गार्डाचा डबा या मापात बसतात. जलदूतची पहिली दहा वाघिणींची गाडी करायची झाली, तर रेल्वेत सर्वत्र दिसणारी १२.४२ मीटरची टाकी-वाघीण १:३७ मध्ये ३३६ मिलिमीटरची होते आणि इंजिनासह गाडी चार मीटरच्या आत राहते. मोठ्या अंगणात ती शोभून दिसेल, वळणं मात्र दीड मीटरची हवीत.

साताऱ्याची चारचाकी

सातारा जिल्ह्याचा वारसा मीटरगेजचा. सदर्न मराठा रेल्वेचा रूळ १८९० मध्ये पुण्याला पोचला आणि लोणंद, वाठार, सातारारोड, कोरेगाव, रहिमतपूर, कराड ही स्थानकं मालाची केंद्रं बनली. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत इथे चारचाकी वाघिणींच्या लांबलचक गाड्या धावत. दोनच आस, लहान शरीर, साधी रचना. मॉडेल करायला याहून सोपी वाघीण नाही.

या मार्गावर काय भरायचं, याचं उत्तर इतिहासच देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला. ते स्थानक पुढे किर्लोस्करवाडी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तिथल्या लोखंडी नांगरांची मॉडेलं तारेतून वाकवून करता येतात आणि उघड्या वाघिणीत ती छान उठून दिसतात. कराड स्थानकाशेजारच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये काचकारखाना सुरू झाला, त्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घरोघरी होता. काचेचा माल म्हणजे बंद वाघीण, आत गवतात बसवलेली लाकडी खोकी. सांगलीच्या पेठेतली हळद आणि गूळ यांना तर वेगळी ओळख करून द्यायला नको. तीन फुटांचं हळदीचं पोतं १:२४ मध्ये दीड इंचाचं होतं आणि जुन्या सुती कापडाच्या चिंध्यांतून शिवता येतं.

चारचाकीत एक अडचण असते. बागेतला रूळ कधीच काटेकोर सपाट नसतो. चार चाकं एकाच ताठ चौकटीत बसवली तर खडबडीत रुळावर एक चाक हवेत राहतं आणि वळणावर तेच रुळाबाहेर पडतं. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. एक आस चौकटीला पक्का बसवायचा आणि दुसऱ्याला मध्यभागी एका खिळ्यावर डावीकडे-उजवीकडे झुलू द्यायचं. वाघीण तीन टेकूंवर उभी राहते आणि चारही चाकं रुळाला धरून राहतात. बोगीच्या वाघिणीत हे काम बोग्याच करतात, म्हणून जमीन फारच हलणारी असेल तर बार्शीचा नमुना जास्त विश्वासाचा.

माती आणि ऊन

कृष्णाकाठची काळी रेगड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट रूळ टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात मार्ग लाटांसारखा होतो. वाळवा-मिरजेच्या काळ्या जमिनीत वीतभर खोल चर खणून त्यात मुरूम दाबून भरावा, वर बारीक कच पसरावी आणि मग रूळ टाकावा. जत-आटपाडीच्या मुरमाड जमिनीला एवढा खटाटोप लागत नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस धो-धो, तिथे जांभ्या चिऱ्यांचा ओटा करून मार्ग जमिनीपासून वर उचललेला बरा, म्हणजे पाणी वाहून जातं आणि पाहणाऱ्यालाही वाकावं लागत नाही.

रूळ पितळी घ्यावेत, पण सांध्यात फट ठेवावी. तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर दहा मीटर पितळी रूळ पावणेसहा मिलिमीटरने वाढतो. वाघिणींनाही ऊन बाधतं. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये सर्वाधिक वापरलं जाणारं पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभी असलेली काळी वाघीण चांगलीच तापते. त्यासाठी पीईटीजी किंवा एएसए घ्यावं, नाहीतर जुन्या सागाच्या पट्ट्या वापराव्यात. चाकं धातूचीच असावीत. प्लॅस्टिकच्या चाकांनी रुळावर मळ साचतो आणि विजेवर चालणाऱ्या गाडीला मग वीज नीट मिळत नाही. वजन नेहमी खाली, चौकटीच्या तळाशी ठेवावं. उंच भरलेला माल पोकळ करावा, ढिगाच्या आत थर्मोकोल आणि वर हळदीची शिवलेली पोती.

निवडीचा क्रम

जागा तीन-चार मीटरची आणि वळण सहाशेचं असेल, तर ४५ मिलिमीटरच्या रुळावर मीटरगेजच्या चारचाकी वाघिणी घ्याव्यात. सामान तयार मिळतं आणि सातारा-कराडची जुनी मालगाडी उभी राहते. स्वतः बांधण्याची आवड असेल आणि एक मीटरचं वळण मिळत असेल, तर ३२ मिलिमीटरच्या रुळावर १:२४ ची बार्शी लाइट. ब्रॉडगेज हवंच असेल तर आखूड बॉक्सएन किंवा बीसीएनएचएल निवडावी, बीसीएनच्या वाट्याला जाऊ नये.

या तिन्हींत पहिला मान बार्शीच्या वाघिणीचा. एकदा साडेबारा इंची चौकटीचा साचा केला, की तीच चौकट पुन्हा पुन्हा काढता येते आणि वर हवं ते शरीर बसवता येतं. कॅलथ्रॉपने कारखान्यात केलेली बचत घरच्या कामाच्या टेबलावरही तशीच होते. चौकटी एकसारख्या असल्यामुळे कपलिंगची उंची एक राहते, सुटे भाग एकमेकांना चालतात आणि सातवी वाघीण पहिलीपेक्षा निम्म्या वेळात होते. पहिली वाघीण उघडी करावी. छत आणि दारं नसल्याने चुका लवकर दिसतात आणि दुरुस्तही होतात.

ज्या वाघिणी पाहून माप घ्यावं त्या मात्र आता फारशा उरलेल्या नाहीत. गेज बदलल्यावर त्यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी बार्शी लाइटवर गार्ड, फिटर, पॉइंट्समन किंवा मालबाबू होतं, त्यांच्या ट्रंकेत एखादा फोटो, कारखान्याचा कागद, वाघिणीवरची नंबराची पाटी असू शकते. मीटरगेजच्या काळातल्या सातारा-कराडच्या कुटुंबांकडेही. दिवाळीच्या साफसफाईत असं काही हाती लागलं तर ते रद्दीत घालू नये. त्याची प्रत काढावी, मागे गाव, वर्ष आणि माणसाचं नाव लिहावं आणि ती गावच्या वाचनालयात द्यावी. दारांची रुंदी, बिजागऱ्यांच्या जागा, रंग आणि अक्षरांचं वळण या गोष्टी आता फक्त अशा कागदांतूनच कळतील.